घनसाळ बुटका करताना भाताची चव कुठे निसटते?

हिरण्यकेशीकाठ (धागाकर्ता)

आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे नाव पुण्या-मुंबईच्या दुकानांपर्यंत पोहोचले आणि भावही पूर्वीपेक्षा बरा मिळू लागला. तरीही घनसाळची लागण करणाऱ्याच्या अडचणी त्याच आहेत. पीक उंच वाढते, परतीच्या पावसात लोळते, सुधारित वाणांच्या मानाने उशिरा कापणीला येते आणि उतारा कमी देते. त्यामुळे घनसाळमध्ये सुधारणा व्हावी ही मागणी रास्त आहे आणि मीही ती करतो. ही सुधारणा कोणत्या क्रमाने व्हावी, यावर येथील जाणकारांशी बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे, की भाताच्या पैदाशीत चव सर्वांत शेवटी तपासली जाते, आणि तोपर्यंत चवीसाठी निवड करावी अशी विविधताच हातात उरलेली नसते. घनसाळचा संकर एखाद्या बुटक्या, जास्त उताऱ्याच्या वाणाशी केला तर दुसऱ्या पिढीत शेकडो तऱ्हेची झाडे दिसतात. त्या वेळी एकेका झाडाचे धान्य इतके थोडे असते, की पुढच्या हंगामासाठी बी राखून ते शिजवून पाहणे शक्य नसते. मग निवड होते ती डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर: उंची, फुटवे, लोंबीची लांबी, करपा आला की नाही, कापणीला केव्हा आले. पाच-सहा पिढ्या अशा गेल्या की मोजक्या ओळी (एकेका निवडलेल्या झाडाची संतती) शिल्लक राहतात, त्यांचे पुरेसे धान्य मिळते आणि मग पहिल्यांदा कोणीतरी पातेले चुलीवर ठेवते. त्यांत घनसाळचा वास आणि मऊपणा असलेली ओळ निघालीच, तर तो योगायोग समजावा.

हिशेब करून पाहू. बुटकेपणाचे मुख्य जनुक पहिल्या गुणसूत्रावर, पिष्टाचा प्रकार ठरवणारे सहाव्यावर आणि सुगंधाचे आठव्यावर असते. यांतील एकेक जनुक आपल्याला हव्या त्या रूपात शुद्ध मिळण्याची शक्यता दुसऱ्या पिढीत चारात एक असते, म्हणजे तिन्ही एकाच झाडात जमण्याची शक्यता चौसष्टात एक. पाचशे झाडे लावली तर अशी सात-आठ झाडे असतील. आता उंची पाहून त्यांतील सव्वाशे बुटकी झाडे ठेवली आणि लोंबी पाहून त्यांतून वीस निवडली, तर त्या विसांत आपल्या कामाचे झाड सरासरीने जेमतेम एक उरते. पुढच्या पिढीत उताऱ्यासाठी आणखी चाळणी लावली की तेही बहुधा जाते. चव मुद्दाम कोणी बाहेर टाकत नाही. तिच्याकडे कोणी पाहत नसल्यामुळे ती सुटून जाते.

इतिहासातही हेच घडले. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आयआर-८ हे वाण दिले. पेटा या उंच वाणाचा डी-जिओ-वू-जेन या बुटक्या वाणाशी संकर करून ते तयार झाले होते, आणि त्याने आशियाची कोठारे भरली यात शंका नाही. पण त्याचा दाणा पोटात पांढरा होता, गिरणीत त्याची कणी जास्त पडे आणि भात निवला की कडक होई. खाण्याला बरे आणि उताऱ्यालाही चांगले असे आयआर-६४ हे वाण यायला १९८५ साल उजाडले. आपल्याकडे वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेले इंद्रायणी हे आंबेमोहोर-१५७ आणि त्याच आयआर-८ यांच्या संकरातले आहे. आयआर-८ सारखा पालक असूनही इंद्रायणी घराघरांत आवडीने खाल्ला जातो. यावरून मी असा निष्कर्ष काढतो, की पालक कोण आहे याइतकेच संततीतून कोणते झाड उचलले, यालाही महत्त्व आहे.

लक्ष्मीपुरीतला व्यापारी

धागा वाचून समाधान वाटले. आमच्या धंद्याच्या बाजूने एक मुद्दा मांडतो. गिऱ्हाईक 'चव' म्हणते तेव्हा ते बहुतेक वेळा तांदूळ नवा की जुना याबद्दलही बोलत असते. नवा इंद्रायणी चिकट होतो म्हणून एक गिऱ्हाईक परत आणून देते, आणि मऊभातासाठी दुसरे गिऱ्हाईक तोच नवा माल मागून नेते. वर्षभर मुरलेला तांदूळ जास्त पाणी ओढतो, मोकळा होतो आणि पातेल्यात फुगतो. घनसाळच्या बाबतीत मात्र जुना करण्यात तोटा आहे, कारण मुरताना वास उतरत जातो. आमच्याकडे पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ तळहातावर चोळायचा आणि ओंजळ नाकाशी न्यायची, अशी पद्धत आहे. नव्या घनसाळला एवढ्यानेही वास येतो. भेसळीच्या मालात पहिल्या चोळण्याला वास येतो, पण खालचा थर काढून पुन्हा चोळला तर येत नाही. पैदासकारांनी चव तपासताना माल किती महिन्यांचा आहे हे लिहून ठेवावे, नाहीतर दोन वाणांची तुलना करायला जाऊन दोन वयांची तुलना होईल.

मऊभात

स्वयंपाक करणारी म्हणून विचारते. एकाच दुकानातून, एकाच नावाने आणलेला तांदूळ एका खेपेस पांढऱ्या रश्श्याबरोबर छान लागतो आणि दुसऱ्या खेपेस तेवढ्याच पाण्यात त्याचा गिचका होतो. हा फरक जनुकांचा, जमिनीचा की वयाचा? शिवाय भात गरम असताना मऊ आणि डब्यात नेल्यावर दुपारी खडखडीत, हे कशामुळे होते?

वनस्पतीशास्त्राची शिक्षिका

मऊभातताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण चवीच्या शास्त्राचा गाभा त्यातच आहे. तांदळाच्या दाण्यातील पिष्ट दोन प्रकारच्या रेणूंचे असते. अमायलोजचे रेणू बहुतांशी सरळ साखळीचे असतात, तर अमायलोपेक्टिनचे खूप फांद्या असलेले. शिजलेला भात निवतो तेव्हा अमायलोजच्या सरळ साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि दाणा ताठर होतो. ज्या तांदळात अमायलोज पंचवीस टक्क्यांहून अधिक असते त्याचा भात मोकळा होतो आणि डब्यात कडक पडतो. वीस ते पंचवीस टक्क्यांचा तांदूळ मोकळाही राहतो आणि निवल्यावर मऊही असतो. दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यानचा चिकटपणाकडे झुकतो, आणि आसामच्या बोरा तांदळासारख्या वाणांत अमायलोज जवळजवळ नसतेच.

अमायलोज किती तयार होणार हे मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरील 'वॅक्सी' नावाच्या जनुकावर ठरते. पिष्टाच्या कणांत अमायलोज बांधणारे विकर (एन्झाइम) या जनुकाच्या सूचनेवरून तयार होते. त्याच्या पहिल्या अनुवादरहित भागाच्या (इंट्रॉनच्या, ज्यातून प्रथिन बनत नाही) सुरुवातीला डीएनएच्या एका अक्षराचा बदल झाला, जी च्या जागी टी आला, की सूचनेची जोडणी नीट होत नाही, विकर कमी बनते आणि अमायलोजही कमी होते. याच जनुकात दुसरीकडे तेवीस अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला असेल तर विकर बनतच नाही आणि तांदूळ पूर्ण चिकट होतो. मध्यम अमायलोजच्या अनेक वाणांत सहाव्या सूचक भागात (एक्झॉनमध्ये, ज्यातून प्रथिन बनते) आणखी एक अक्षर बदललेले आढळते. म्हणजे भाताचा पोत ठरवणारे फरक मोजक्या अक्षरांचे आहेत, आणि ते रोप तरव्यात असतानाच पानाच्या तुकड्यावरून ओळखता येतात. धागाकर्त्यांनी मांडलेल्या अडचणीवरचा मार्ग मला येथे दिसतो.

दुसरे जनुक त्याच गुणसूत्रावर थोड्या अंतरावर आहे. दाण्यातील पिष्ट कोणत्या तापमानाला फुलू लागते, म्हणजे भात शिजायला किती वेळ आणि किती जळण लागते, हे त्यावर ठरते. याची चाचणी कोणत्याही महाविद्यालयात होऊ शकते. पॉलिश केलेले सहा दाणे १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तीस अंश तापमानाला तेवीस तास ठेवायचे. दुसऱ्या दिवशी बशीत पाहिले तर काही दाणे जसेच्या तसे असतात, काही फुगून त्यांच्याभोवती पांढरी झालर आलेली असते, तर काही पूर्ण विरघळून मध्यभागी ढगासारखा डाग उरलेला असतो. एक ते सात असे गुण देतात. जितका दाणा विरघळतो, तितके त्याचे शिजण्याचे तापमान कमी. विद्यार्थ्यांना एकाच बशीत दोन वाण शेजारी शेजारी ठेवून दाखवले की 'जनुकीय विविधता' वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सुगंधाबद्दल. बासमती, आंबेमोहोर, घनसाळ यांच्या वासातील मुख्य द्रव्य २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलीन हे आहे. मानवी नाकाला ते पाण्यात अब्जातल्या एका अंशाहूनही कमी प्रमाणात ओळखता येते. आठव्या गुणसूत्रावरील एक जनुक निकामी झाले की हा सुगंध तयार होतो. बासमती आणि थायलंडच्या जस्मिन तांदळात त्या जनुकाच्या सातव्या सूचक भागातील आठ अक्षरे गळालेली असतात, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. जनुक चालू असते तेव्हा त्याचे विकर सुगंधाच्या पूर्वद्रव्याला दुसरीकडे वळवते. ते बंद पडले की पूर्वद्रव्य साचते आणि त्यातून सुगंध निर्माण होतो. म्हणून हा गुण अप्रभावी आहे, आणि सुगंधी वाणाचा बिनसुगंधी वाणाशी संकर केला की पहिल्या पिढीच्या झाडाच्या पानाला वास येत नाही.

येथे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आपण खातो तो दाण्याचा भाग, म्हणजे भ्रूणपोष, पुढच्या पिढीचा असतो. पहिल्या पिढीच्या एकाच लोंबीत काही दाणे सुगंधी आणि बहुतेक बिनसुगंधी असतात, काही कमी अमायलोजचे तर काही जास्त. संकरित भाताचे धान्य शिजवल्यावर पोत एकसारखा लागत नाही, त्याचे हे एक कारण आहे. मऊभातताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला लक्ष्मीपुरीकरांनी सांगितलेले वय हे कारण बहुधा लागू पडते, आणि त्याखालोखाल मिसळलेला माल.

भुदरगडचा शेतकरी

शिक्षिकाताईंनी फार सोपे करून सांगितले. मात्र माझ्यासारख्या शेतकऱ्याचीही बाजू ऐकावी. घनसाळ लोळला की लोंबी पाण्यात पडते, दाणा तिथेच मोड धरतो, आणि उरलेला भात गिरणीत नेला की निम्मी कणी हाती येते. कणीला सुगंध असला तरी तिला तांदळाचा भाव कोणी देत नाही. मागे एका विक्रेत्याने 'सुधारित घनसाळ' म्हणून बी दिले. पीक बुटके आले, भरघोस आले, घरात सर्वांना आनंद झाला, आणि पहिला भात शिजला तेव्हा घरात वासच आला नाही. तो भात आम्ही साध्या भावाने विकला. तेव्हापासून माझे मत असे आहे, की बुटका पण वास नसलेला घनसाळ आमच्या उपयोगाचा नाही, कारण साधा भातच पिकवायचा असेल तर त्याहून जास्त उताऱ्याचे कितीतरी वाण बाजारात आहेत. आम्हाला उंची वीतभर कमी झाली तरी पुरे आहे. उताऱ्यासाठी वास घालवून देऊ नका.

आणखी एक विचारतो. पीक लवकर आणले तर परतीच्या पावसाची भीती वाढेल की कमी होईल, आणि त्याचा चवीवर काही परिणाम होतो का?

हिरण्यकेशीकाठ (धागाकर्ता)

दादा, तुमचा अनुभव मी मांडत असलेल्या गोष्टीचा पुरावाच आहे. त्या वाणात बुटकेपणा पाहून निवड झाली आणि सुगंधाचे जनुक कोणी तपासले नाही.

उंची कमी करण्याचे दोन मार्ग मला घनसाळसाठी योग्य वाटतात. पहिला उत्परिवर्तनाचा, म्हणजे बियाण्याच्या जनुकांत मुद्दाम बदल घडवण्याचा. छत्तीसगडमधील दुबराज हेही असेच उंच, उशिराचे, सुगंधी देशी वाण आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ यांनी त्यात किरणांद्वारे उत्परिवर्तन घडवून बुटके आणि लवकर येणारे वाण तयार केले आहे. या पद्धतीत परका पालक आणावा लागत नाही, त्यामुळे पिष्टाची आणि सुगंधाची मूळ जनुके बहुतांशी जागच्या जागी राहतात. किरण कुठेही लागू शकतात, म्हणून दुसऱ्या पिढीत हजारो झाडे लावून पाहावी लागतात. पण त्या हजारांतील प्रत्येक झाड मुळात घनसाळच असते.

दुसरा मार्ग प्रतिसंकराचा. बुटक्या वाणाशी संकर करून संततीचा पुन्हा पुन्हा घनसाळशीच संकर करायचा. पहिल्या प्रतिसंकरानंतर सरासरीने पंचाहत्तर टक्के, दुसऱ्यानंतर साडेसत्त्याऐंशी आणि तिसऱ्यानंतर जवळजवळ चौऱ्याण्णव टक्के जनुकसंच घनसाळचा होतो. बुटकेपणाचे जनुक अप्रभावी असल्याने मधल्या पिढ्यांत ते उंचीवरून दिसत नाही. परंतु डी-जिओ-वू-जेनकडून आलेल्या त्या जनुकात ३८३ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे आणि तो प्रयोगशाळेत सहज ओळखता येतो. बासमतीत हे काम आपल्याच देशात झाले आहे: पुसा बासमती-१ मध्ये जिवाणूजन्य करपा रोगाला प्रतिकार करणारी दोन जनुके अशाच पद्धतीने घातली गेली आणि ते वाण २००७ मध्ये प्रसारित झाले, तेही बासमतीचा दाणा व वास राखून. बासमतीच्या मागे निर्यातीचे पाठबळ होते हे मान्य, पण पद्धत घनसाळला लागू पडत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

लवकर पक्व होण्याचा तुमचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. आजऱ्यात घनसाळचा दाणा भरतो तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो आणि रात्री गार होऊ लागतात. दाणे भरताना हवा उष्ण असेल तर पोटात पांढरे डाग वाढतात आणि सुगंध कमी साठतो, हे अनेक देशांतील प्रयोगांत दिसले आहे. पीक महिनाभर अलीकडे आणले तर दाणे भरण्याचा काळ पावसाळी, दमट आणि उबदार दिवसांत येईल. म्हणजे जनुके तीच राहिली तरी भात तसा लागणार नाही. म्हणून लवकर येणारा घनसाळ मी तरी मागणार नाही. आहे त्याच वेळी येणारा, पण न लोळणारा घनसाळ मागेन.

वनस्पतीशास्त्राची शिक्षिका

उष्णतेच्या मुद्द्याला माझी पुस्ती. वॅक्सी जनुकाचे जी च्या जागी टी असलेले रूप ज्या वाणांत आहे, त्यांत दाणे भरताना थंडी असेल तर अमायलोज वाढते आणि उष्णता असेल तर घटते. म्हणून चवीची चाचणी एकाच वर्षाच्या, एकाच शेतातल्या धान्यावर करून वाण पसंत करू नये.

गडहिंग्लजकर

सर्वजण 'घनसाळ' हे एकच वाण धरून चालले आहेत. आमच्या गावात दोन घरांच्या घनसाळमध्ये फरक दिसतो. एकाचा दाणा किंचित आखूड आणि गोलसर, दुसऱ्याची लोंबी अधिक घट्ट. काळा जिरगा आणि जोंधळा जिरगा या देशी भातांचेही तसेच. मग सुधारणा करताना मूळ म्हणून कोणता घनसाळ घ्यायचा?

हिरण्यकेशीकाठ (धागाकर्ता)

गडहिंग्लजकर, हा प्रश्न पैदाशीच्या आधी सुटायला हवा. भातात परपरागीभवन अगदी थोडे, बहुतेक वेळा एक टक्क्याहूनही कमी होते, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या घरचे बी ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या शिवारात एकमेकांशी मिळत्याजुळत्या पण स्वतंत्र अशा अनेक शुद्ध ओळी नांदत असतात. त्यांत एखादी जरा कमी उंचीची असेल, एखादीची काडी जाड असेल, एखादीचा वास अधिक टिकणारा असेल. संकर किंवा किरण यांच्याकडे जाण्यापूर्वी या विविधतेतूनच निवड करून पाहावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. भीती अशी, की मानांकनानंतर सर्वांना एकाच ठिकाणाहून बी देण्याची घाई होईल, बी एकसारखे होईल, आणि निवडायचे ते त्याआधीच नाहीसे होईल.

पद्धत अशी सुचवतो. कापणीपूर्वी शेतातून उभ्या, न लोळलेल्या झाडांच्या लोंब्या एकेक करून घ्याव्यात आणि वेगवेगळ्या ठेवाव्यात. एकत्र मळणी अजिबात करू नये. पुढच्या हंगामात एका लोंबीची एक ओळ लावावी. प्रत्येक ओळीतून बियाण्याचे दाणे बाजूला काढून उरलेल्यांपैकी काही दाणे सोलून एकेक चावून पाहावेत. सुगंधी दाणा चावल्याबरोबर ओळखू येतो, मात्र थोड्या दाण्यांनंतर जीभ-नाक थकते, म्हणून हे काम दोघा-तिघांनी वाटून घ्यावे. द्रावणात पान ठेवून वास पाहण्याची चाचणी शिक्षिकाताईंच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतच व्हावी, कारण पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्वचा भाजते.

वनस्पतीशास्त्राची शिक्षिका

देखरेखीची जबाबदारी आनंदाने घेते. पानाचे बारीक तुकडे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या त्याच १.७ टक्क्यांच्या द्रावणात झाकून दहा मिनिटे ठेवले की झाकण उघडताच वास येतो किंवा येत नाही. फुले येण्याची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे बिनसुगंधी रोपे लागणीच्या वेळीच बाजूला काढता येतील. प्रत्येक वेळी एक ओळखीचा सुगंधी आणि एक बिनसुगंधी नमुना शेजारी ठेवावा.

लक्ष्मीपुरीतला व्यापारी

ओळींचे धान्य शिजवण्याइतके झाले की चव पाहण्यासाठी मीही येईन, आणि बाजारातली आणखी दोन-चार जाणती माणसे आणीन. पातेल्यांवर नावे लिहू नका, नुसते आकडे टाका. भात गरम असताना एकदा आणि चार तासांनी पुन्हा एकदा खायला द्या.

भुदरगडचा शेतकरी

त्या फसलेल्या बियाण्याआधीचे, वडिलांच्या वेळचे घनसाळचे बी एका भावकीतल्या घरी आजही पेरले जाते. यंदा त्या शेतातल्या लोंब्या वेगळ्या काढून ठेवतो. कागदी पिशव्या वापरतो, प्लॅस्टिकमध्ये ओल धरून उगवण बिघडते. इतर गावांतल्या ज्यांच्याकडे घरचे जुने बी आहे, त्यांनी गावाचे नाव आणि किती वर्षे ते बी घरात आहे एवढे येथेच लिहावे.